साठीचा शाप

एका राज्यात माणसाला साठ वर्षं पुरी झाली की त्याच्या धंद्याचं अवजार हातात निखाऱ्यासारखं तापत असे. सुताराचा रंधा तापे, शिंप्याची सुई तापे. मग ते खाली ठेवावं लागे, ते कायमचंच. हा शाप डोंगरावरच्या कालंजय मांत्रिकाचा होता.

म्हाळोजी पाटकरी चाळीस वर्षं राज्याच्या पाटाचं पाणी शेतोशेती सोडत आला होता. त्याचंही फावडं तापलं आणि तो घरी बसला. दोन वर्षं रिकामी सकाळ त्याला खायला उठे. नवे पाटकरी कष्टाळू होते. पण पाटाचं कोणतं दार आधी उघडावं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. टोकाची शेतं करपली.

तेव्हा राजा चित्रध्वजाची साळुंकी म्हणाली, "महाराज, साठी उलटलेल्याने मांत्रिकाची तीन कामं केली, तर शाप उतरेल. म्हाळोजीला न्या. तुम्हीही जा."

दोघे डोंगर चढले. मांत्रिकाने वाटेवरची शिळा दाखवली. "ही हलव."

म्हाळोजीने खाली लाकडाचा ओंडका सारला आणि शिळा कलंडवली.

"या दोन तळ्यांतलं विषारी कोणतं?" मांत्रिकाने पुढे विचारलं.

"ज्यावर चतुर किडे उडत नाहीत, ते."

"आता या विहिरीतून शंभर घागरी ओढ. शंभराव्या घागरीतून शाप वर येईल."

चाळिसाव्या घागरीला दोर म्हाळोजीच्या हातून निसटू लागला. सारं हातचं गेलं, असं त्याला वाटलं. तो खाली मान घालून म्हणाला, "महाराज, मला जमतं, पण एका दमात नाही जमत."

राजाने अंगरखा उतरवला. "तुम्ही बसा, म्हाळोजी. दोर कसा धरायचा तेवढं सांगा."

म्हाळोजी सांगत गेला, राजा ओढत गेला. मध्येमध्ये म्हाळोजीही उठून हात लावी. शंभराव्या घागरीतून काळा धूर निघाला आणि वाऱ्यावर विरून गेला.

मांत्रिक विहिरीच्या कट्ट्यावर टेकला. "मी तुझ्या वडिलांचा राजवैद्य होतो," तो राजाला म्हणाला. "साठाव्या वर्षी पाय थकले म्हणून बसायला चौरंग मागितला. त्यांनी मला घालवून दिलं."

"चौरंग मी देतो," राजा म्हणाला. "परत चला."

त्या दिवसापासून साठीनंतर अर्धा दिवस काम, जोडीला एक तरणा गडी आणि बसायला जागा, असा राज्याचा नियम झाला.

कामाच्या पहिल्या दिवशी दुपारी म्हाळोजी घरी आला. बायकोने विचारलं, "दमलात?"

"दमलो," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. "टोकाच्या शेतापर्यंत पाणी गेलं."