कडजाईची रिकामी पालखी

कातळवणे गावात पाहुणा आला की त्याला पहिलं कोडं पडतं ते शाळेच्या पडवीत. तिथे आढ्याला एक पालखी टांगलेली असते. लाल गोंडे, पितळी मोर, दांड्याला तेलपाणी केलेलं, सगळं कसं देवाच्या पालखीसारखं. पण आत देवाचं रूप नाही. आत गादी आहे, धुतलेली चादर आहे, आणि उशाशी पाण्याची बाटली. शेजारीच आरोग्य उपकेंद्राचं दार. पाहुणा विचारतो, देव कुठे गेला? गावातलं कुणीही म्हातारं माणूस हसून सांगतं, आमची आई चालते, तिला पालखी लागत नाही. मग पडवीतच बसकण मारून पुढची हकिकत सांगतं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. गावाला रस्ता नव्हता, शाळा नव्हती, औषधाला वैद्य नव्हता. मान मात्र भरपूर होता. शिमग्यात ग्रामदेवी आई कडजाईचं चांदीचं रूप, म्हणजे तिचा मुखवटा, पालखीत बसायचं आणि घरोघर जायचं, तेव्हा पुढच्या दांड्याला खांदा कोणी द्यायचा यावरून वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकींच्या उरावर बसायच्या. वरच्या वाडीचे मानकरी लखू गोताड, खालच्या वाडीचे राघो भुवड. दोघेही एरवी शहाणे, पण दांडा दिसला की शहाणपण खुंटीला टांगून यायचे. एका शिमग्याला भांडण इतकं हातघाईवर आलं की आईला पालखीत बसवून झालं होतं आणि ती तशीच सभामंडपात राहिली. फेरी पुरी झाल्याशिवाय आईला उतरवायचं नाही अशी रीत, आणि फेरी काढायला कोणी तयार नाही. पुढचा शिमगाही तसाच गेला. आई आपली पालखीत अडकलेली, आणि दोन वाड्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.

देवळाची सेवा धाकू गुरवाकडे होती. गावाचा कौल तोच लावायचा. गाभाऱ्यातल्या आईच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, विहीर असो, धाकूने विचारल्याशिवाय गाव पाऊल उचलत नसे. आणि धाकूनेही आयुष्यात कधी आईला विचारल्यावाचून काही केलं नव्हतं.

या धाकूला दोन मुली. थोरली पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. घाटाखाली बंदरावर जिवबाई नावाची वैदीण होती, तिच्या हाताला मोठा गुण. पण तिचे गुडघे गेलेले, तिला घाट चढवत नव्हता. म्हणून पारूला कांबळ्याच्या झोळीत घालून खाली नेलं. झोळीत माणूस मुटकुळं होऊन पडतं. अडलेली बाई तशी दुमडून न्यायची म्हणजे काय होतं ते धाकूने डोळ्यांनी पाहिलं. अर्ध्या घाटात पारू गेली.

पुढे धाकटी सगुणा बाळंतपणाला आली. पावसाळा सरत आला होता, भात पोटऱ्यात होतं. एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या. गावच्या सुईणीने पोटावरून हात फिरवला आणि तिचं तोंड उतरलं. मूल पायाळू होतं. हे माझ्या हातचं काम नाही, असं तिने धाकूला बाहेर बोलावून सांगितलं. अंगणात कोणीतरी आपणहून कांबळं आणि बांबू आणून ठेवला होता. ते कांबळं धाकूने उचलून बाजूला टाकलं. तो तडक देवळात गेला.

गाभाऱ्यात फुलं होती, पाणी होतं. धाकूने पाकळ्या हातात घेतल्या, असं सांगतात, आणि पाण्यात भिजवल्याही. मग त्या परत तबकात ठेवल्या. सभामंडपात आला, पालखीपुढे डोकं टेकलं, आणि आईचं रूप दोन्ही हातांनी उचलून आपल्या उपरण्यात छातीशी बांधलं. पालखीत माणसाला सरळ निजता येतं. वर छत असतं. त्याला एवढंच दिसत होतं.

बातमी दोन्ही वाड्यांत पोचायला वेळ लागला नाही. लखू आला, राघो आला, मागे सगळं गाव. बाळंतिणीने आईची बैठक विटाळायची म्हणजे काय, अशी कुजबुज सुरू झाली. स्वतःच्या लेकीसाठी गुरवाने देव उठवला, असंही कोणी बोललं, आणि ते काही खोटं नव्हतं. लखू गोताडाने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. कौल घेतलास का?

धाकू खोटं बोलला असता तर कोणाला कळणार होतं? पण तो म्हणाला, "नाय घेतला. डावी पाकळी पडली असती तं माज्यानं आईचा शबुद मोडवला नसता. आन् माजी पोर मेली असती."

देवळालगतच गुरवाचं घर. घरातून सगुणाचं कण्हणं ऐकू येत होतं. तेव्हा राघो भुवडाने डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची घडी करून खांद्यावर ठेवली आणि मागच्या दांड्याशी जाऊन उभा राहिला.

"लखू, तू फुडं हो," तो म्हणाला. "मागचा खांदा माजा."

ज्या दांड्यासाठी दोन शिमगे वाया गेले, तो असा एका वाक्यात सुटला. सगुणाला आत निजवून पालखी घाटाला लागली. उतारावर सगळा भार पुढच्याच्या अंगावर येतो. लखूचा खांदा भरून आला की खालच्या वाडीचा माणूस पुढे व्हायचा, तो दमला की वरच्या वाडीचा. निसरड्या दगडांवर काही जण आधी जाऊन पाय रोवून उभे राहायचे. घाट उतरेपर्यंत पुढे कोण आणि मागे कोण हे कोणाला आठवेनासं झालं. धाकू पालखीच्या बाजूने आईला छातीशी धरून चालत होता. सगुणा सरळ निजून बंदरावर पोचली. जिवबाईने मूल हलक्या हाताने सोडवलं. मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या.

धाकू जिवबाईच्या पाया पडला. तिने त्याला थांबवलं, आणि तिचं बोलणं गावाने आजवर जपलं आहे. "माजे हात आज हायत, उद्या नायत," ती म्हणाली. "बायांना बसवा माज्याफुडं, शिकून घ्या."

तेव्हा परतीच्या वाटेला त्याच पालखीत सगुणाच्या शेजारी जिवबाई बसली आणि घाट चढून आली. देवळाच्या सभामंडपात तिने दोन्ही वाड्यांतल्या बायकांना शिकवलं. हात कसे धुवायचे, पाणी उकळून का घ्यायचं, कुठली बाई वेळेवर खाली न्यायची. शिकणाऱ्या बायकांचं भात बाकीच्यांनी कापून दिलं. पुढे ऐकलेलं विसरायला होतं म्हणून बायकांनी लिहायला शिकायचं ठरवलं, आणि बंदरावरचे पंतोजीही पालखीतून वर आले. ते चांगले वजनदार होते म्हणे, भोयांनी वाटेत त्यांच्या नावाने बोटं मोडली, पण आणले.

शिमगा आला. गावाने पालखी घासूनपुसून आईसाठी सजवली. धाकूने भरल्या देवळात पाकळ्या लावल्या आणि विचारलं, आई, आता पालखीत बसतेस ना? डावी पाकळी पडली. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धाकूने मूर्तीपुढे हात जोडले. न विचारता उठवलं त्याचा हा राग, असंच त्याला वाटलं. तेव्हा मांडीवर लेक घेतलेली सगुणा म्हणाली, "बाबा, रागावलीस काय, ता विचारा."

त्याने विचारलं. डावीच पडली. राग नव्हता. मग पालखी गावाला दिलीस काय, असं तो विचारू लागला, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली, असं सांगतात. धाकू लहान मुलासारखा रडला. त्या वर्षी आई माणसांच्या हातांतून घरोघर गेली. ज्यांना दांड्याचा मान कधीच नव्हता, त्यांच्याही कुशीत ती बसली.

आजही दर शिमग्याला गुरव तोच पहिला प्रश्न विचारतो आणि अख्खं गाव श्वास रोखून डाव्या पाकळीकडे बघतं. ती पडली की ढोल वाजतात. त्या वर्षी जी बाई पालखीतून सुखरूप घरी आली असेल, तिच्या हातात आई आधी देतात. नवे मास्तर आणि नर्सबाई पहिल्यांदा गावात येतात तेव्हा त्यांनाही सडकेपासून पालखीतच आणतात, ते कितीही लाजले तरी. मागच्या शिमग्याला कौलाच्या वेळी पालखी जाग्यावर नव्हती, वरच्या वाडीची एक पहिलटकरीण आणायला गेली होती. नव्या नर्सबाईंनी गुरवाला हळूच विचारलं, आणि समजा उजवी पडली तर?

गुरव म्हणाला, "मंग हात जोडून सांगू, आई, जरा थांब. तुजी पालखी तुज्याच कामाला गेली हाय."