धामणीची नऊ अंडी

ओढ्याच्या अल्याड गाव, पल्याड माळ, आणि ओढ्याला खेटून एक एवढुशी पेरूची बाग. झाडं म्हणाल तर अवघी सात. पण पेरू कसे? वरून हळदीसारखे पिवळे, आतून गुलाबी, आणि वास असा की वाटेनं जाणारा माणूस दोन पावलं मागं फिरायचा.

त्या बागेत आवडी राहायची, तिच्या आईबरोबर. आवडीचा बा देवाघरी गेला होता. ओढ्याकडचं सातवं झाड त्यानं लावलेलं. बा गेला, झाड राहिलं. आई पाटी डोक्यावर घेऊन बाजारात पेरू विकायची, तेव्हा कुठं दोघींच्या तव्यावर भाकरी पडायची. बाग होती म्हणून चूल होती, बरं का.

दारात एक गाय होती, कपिली. ज्येष्ठ महिन्यात कपिलीचं दूध एकाएकी कमी झालं. आयाबाया म्हणाल्या, "धामण पीत असणार गं! गाईच्या पायांना विळखा घालते, आणि गटागटा पिते." सगळ्यांनी हे ऐकलं होतं. बघितलं मात्र कुणीच नव्हतं.

आणि एका सकाळी आवडीला गोठ्यात दिसली की धामण! लांबच लांब, उन्हात पितळेसारखी चकचकणारी. आपल्या वाटेनं सळसळत चालली होती बिचारी. आवडी किंचाळली, "केरूकाका, धावा! धामण, धामण!"

शेजारचा केरूकाका काठी घेऊन धावत आला. धामण फणा काढत नव्हती, अंगावर येत नव्हती, नुसती पळत होती. सातव्या झाडापाशी काठी बसली. शेवटच्या घडीला तिनं मान वळवून झाडाच्या बुंध्याकडं बघितलं. बुंध्याशी उभ्या आवडीला वाटलं, माझ्याकडंच बघते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवडी गोठ्यात गेली तर काय? कपिलीचं वासरू दाव्यातनं मान सोडवून आईला लुचत होतं. तोंडाला पांढराशुभ्र फेस, पोट नगाऱ्यासारखं टम्म. दूध कोण पीत होतं ते आवडीला कळलं. पण आता कळून काय उपयोग? तिनं वासराला घट्ट बांधलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. ते न सांगणं तिच्या छातीत खड्यासारखं बसलं.

मग आल्या घुशी. आधी एक बीळ दिसलं, मग चार, मग सगळी बाग चाळणीसारखी. इतकी वर्षं घुशींना खाणारी धामण बागेत होती. आता कुणाचं भय? कुरतड कुरतड मुळं खाल्ली. पहिलं झाड वाळलं, दुसरं वाळलं, तिसरं आडवं झालं. बाच्या झाडाला हात लावला तर ते हलत्या दातासारखं हलायचं.

आली नागपंचमी. आईनं भिंतीवर गंधानं नाग काढले, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवला. म्हणाली, "आवडे, हात जोड गं." आवडीनं हात जोडले, पण मान वर होईना. भिंतीवरच्या नागाला दूध, आणि बागेतल्या धामणीला काठी!

तेवढ्यात केरूकाका आला. हातात पानाचा पुडा. "वहिनी, ह्या विषाच्या गोळ्या आणल्यात. पिठात मळलेल्या. बिळाबिळात सोडा, घुशींचा नायनाट!"

"आज पंचमी हाय, भावजी. आज माती खणत नाहीत," आई म्हणाली.

"खणायचं कुठं हाय? बिळं तर त्यांनीच खणून ठिवलीत की! आपण नुसतं टाकायचं." आणि केरूकाका आपल्याच बोलण्यावर खोखो हसला.

आईला हसू आलं नाही. तिनं बाच्या झाडाकडं बघितलं आणि पुडा आवडीच्या हातात दिला. "जा बाळ. दुसरा इलाज नाही."

आवडी पहिल्या बिळापाशी वाकली. आतून आवाज आला, चुईं चुईं. बघते तर घुशीची पिल्लं! गुलाबी गुलाबी, बोटाएवढाली, डोळेसुद्धा न उघडलेली. आवडीचा हात थांबला. एकदा आपण न बघता ओरडलो. आता बघूनसुद्धा तेच करायचं?

तिनं पुड्याची गाठ पक्की बांधली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली.

तोच डोक्यावरचं पेरूचं फूल थरथरलं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मधे केसरांचा मऊ मऊ झुबका. आणि त्या झुबक्यातून उतरली एक इवलीशी परी! अंगावर केसरांचा झुपकेदार झगा, पाठीला चतुराचे काचेसारखे पंख. त्यांत हिरवा, निळा, मोरपंखी रंग लकलक करायचा.

"हात थांबला तुझा, म्हणून मी आले," परी हळूच म्हणाली. "तीन इच्छा माग, आवडे. पण माझे नियम ऐक. कुणाचा जीव घ्यायला सांगायचं नाही. गेलेलं परत मिळत नाही. इच्छा तोंडातून निघाली की ती संपली. आणि मी अर्धीच पुरी करीन, उरलेली अर्धी तुझ्या हातांनी."

नियम सगळे आवडीनं ऐकले. समजलेसुद्धा. पण छातीतला खडा तिला गप्प बसू देईना. ती एकदम बोलून गेली, "मला ती धामण परत दे!"

परीचे पंख मिटले. "ती नाही गं मिळायची. आणि तुझी एक इच्छा गेली."

"ठाऊक होतं मला," आवडी हुंदके देत म्हणाली. "तरी मागितल्याशिवाय राहवेना."

परीनं आपल्या नखाएवढ्या झग्यानं आवडीचा एक आसू टिपला. रागावली नाही, काही नाही.

मग आवडीनं विचार करून दुसरी इच्छा मागितली. "घुशींना कुठंतरी पोटभर खायला मिळू दे, पण त्या इथून जाऊ देत. पिल्लांसकट."

परीनं चिमुकला हात फिरवला. बागेपासून पल्याडच्या माळापर्यंत सोनेरी धाग्यासारखी एक वाट उमटली. "माळावर कंद आहेत, गवताचं बी आहे. ही माझी अर्धी. आता तुझी ऐक. पडलेला पेरू तिन्हीसांजेच्या आत उचलायचा. कचऱ्याचे ढीग हलवायचे. आठ दिवस थांबायचं, पिल्लांचे डोळे उघडू द्यायचे. मग बिळाच्या एका तोंडाशी मिरचीची धुरी द्यायची, एकेका बिळात पाणी ओतायचं. पण दुसरं तोंड मोकळं ठेवायचं. आणि विषाचा तो पुडा ज्यानं आणला त्याला परत कर. घुशीनं विष खाल्लं की ते तिला खाणाऱ्याच्याही पोटात जातं."

आवडी पुडा घेऊन गेली तेव्हा केरूकाका म्हणाला, "वा गं वा! घुशींना आठ दिवसांचा पाहुणचार! बारसं कधी करतीस त्यांचं?" आई मात्र संध्याकाळी पाटी घेऊन आवडीबरोबर पेरू वेचायला वाकली.

आठ दिवस गेले. धुरी दिली, पाणी ओतलं. आई शिंकते, आवडी शिंकते, कपिलीसुद्धा शिंकते! आणि घुशी निघाल्या. पुढं आया, मागं लुटूलुटू पिल्लं, सोनेरी वाटेनं थेट माळावर.

राहिलं एकच बीळ, बाच्या झाडाखालचं. आवडीनं कळशी उचलली. पाणी ओतणार, इतक्यात आठवलं, धामणीनं मरताना इकडंच बघितलं होतं! तिनं कळशी खाली ठेवली आणि जमिनीला गाल लावून आत डोकावली.

आत नऊ अंडी. पांढरी, लांबट, पण सुकून खळगे पडलेली.

"आये!" आवडीची हाक ऐकून आई धावत आली. आणि मग आवडीनं सगळं सांगितलं. वासराचं, फेसाचं, आपल्या ओरडण्याचं. "ती माझ्याकडं बघत नव्हती गं. ती ह्यांच्याकडं बघत होती."

पुन्हा फूल थरथरलं, पुन्हा परी उतरली. "आता एकच इच्छा राहिली, आवडे. बाचं झाड मुळापासून पोखरलंय. ह्या अंड्यांत जीव आहे, पण तोळाभर. दोन्ही मला राखता येणार नाहीत."

आवडीनं झाडाच्या सालीवर हात ठेवला. बाचा हातही असाच खरखरीत होता.

"झाडाला आपण दोघी तरी आहोत," ती आईला म्हणाली. "ह्यांना कुणीच नाही. आणि ते माझ्यामुळं."

आईनं पदरानं डोळे पुसले. "माग, बाळ."

"अंडी जगू देत."

परीनं बिळावर फुंकर घातली. दवाचे हजार थेंब चमचमले, अंड्यांवरचे खळगे भरून आले. "ही माझी अर्धी. आता बिळावर पाला पसर, तो ओला ठेव, मुंगसावर नजर ठेव. आणि आईला सांगितलंस ते केरूकाकालाही सांग, म्हणजे पुन्हा काठी उठणार नाही."

आवडीनं सांगितलं. केरूकाका आज हसला नाही. कोपऱ्यातली काठी त्यानं हातात घेतली. "तू नुसती ओरडलीस, पोरी," तो म्हणाला. "काठी माझी व्हती." आणि दुसऱ्या दिवसापासून तीच काठी मांडीवर घेऊन तो मुंगूस हाकलायला बिळापाशी बसायला लागला.

श्रावण सरताना मोठं वारं सुटलं, आणि बाचं झाड पडलं. बिळाच्या दुसऱ्या अंगाला, हळूच पडलं, म्हातारं माणूस भुईला हात टेकून बसतं तसं. आवडी त्याच्या फांदीला मिठी मारून पोटभर रडली. आईनं तिला रडू दिलं.

भाद्रपदात गौरी आपल्या घरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी पाला हलला. एक इवलं डोकं बाहेर आलं, मग दुसरं. करंगळीएवढी जाड, हातभर लांब, नवी नवी चकचकीत पिल्लं. आवडीनं बोटांवर मोजली, नऊच्या नऊ! ती मान खाली घालून म्हणाली, "तुमची आई मी परत आणू शकले नाही रे."

पिल्लांना काय कळणार? ती सळसळत बागभर पांगली.

तेव्हा शेवटचं उमललेलं पेरूचं फूल उजळलं. परी बाहेर आली, आडव्या झाडाच्या बुंध्याशी गेली आणि म्हणाली, "हे मी दिलं नाही हो, आवडे. तू रोज पाल्यावर पाणी शिंपडत होतीस ना, त्याचं आहे हे." बघते तर उरलेल्या मुळीतून एक लाललुसलुशीत कोंब वर आलेला, दोनच पानांचा! आवडीनं डोळे वर केले तेव्हा परी सकाळच्या उन्हात उन्हासारखीच झाली होती. एक पांढरी झगझग, मग केसरांचा सोनेरी धुरळा, मग काहीच नाही.

वर्षं गेली. कोंबाचं झाड झालं, वाळलेल्यांच्या जागी नवी रोपं लागली, आणि झाडं पुन्हा सात झाली. बागेत घूस टिकली नाही, पाटी कधी रिकामी राहिली नाही. आवडी मोठी झाली. पण छातीतला खडा काही गेला नाही. झिजून झिजून गुळगुळीत झाला, एवढंच. गोठ्याच्या दारातून सळसळत धामण निघाली की ती हातातली बादली खाली ठेवायची, बाजूला सरायची आणि म्हणायची, "जा बाई. वाट तुझीच आहे."

आणि धामण गेल्यावरसुद्धा थोडा वेळ तशीच उभी राहायची.