धन्याचा ओटा

वेळशेतच्या तेलीआळीत शिरताच उजव्या हाताला जांभ्या चिऱ्यांचा एक बुटका ओटा दिसतो. पाहुणे त्यावर चपला काढून ठेवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. गावातल्या माणसांना ते आवडत नाही, पण पाहुण्यांना बोलायचं कुणी? त्याला धन्याचा ओटा म्हणतात.

असं सांगतात, की आळीत शनिवारी घाणे बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू तेल्यांची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. लेवाबाई नावाची विधवा तेल गाळून दोन पोरींना पोसत होती. तिचा बैल म्हातारपणाने गेला, म्हणून तिने शेजारच्या इसाजीचा बैल एका दिवसापुरता उसना नेला. इसाजीने दिला खरा, पण त्याचा जीव बैलापाशीच घुटमळत होता. तोही मागोमाग गेला. लेवाबाई तीळ आणायला आत गेलेली आणि बैल परक्या घाण्याला पाऊल उचलेना. इसाजीने पाठीवर हात ठेवून त्याला दोन फेरे फिरवलं. मध्येच बैलाने पाय झाडला. काटा रुतला असेल, असं त्याला वाटलं. विधवेच्या अंगणात रेंगाळलेलं लोकांना खपायचं नाही, म्हणून ती बाहेर यायच्या आत तो निघून आला. दुपारी बैल तोंडाला फेस येऊन पडला. पायावर सापाचे दात उमटले होते.

त्या लोकांचा उसनवारीचा कायदा मोठा कडक होता म्हणे. उसनं नेलेलं जनावर मेलं, तर चूक असो वा नसो, नेणाऱ्याने भरून द्यायचं. धनी जनावरासोबत असेल, तरच नेणारा सुटला. लेवाबाईकडे भरून द्यायला घाण्यावाचून काही नव्हतं.

बैल मेला शुक्रवारी. शनिवारी काम नाही, व्यवहार नाही, तंटा नाही. इसाजी दिवसभर घरात कोंडल्यासारखा बसून राहिला. बोललो तर आपला घाणा थंड पडून पोरं उपाशी, गप्प राहिलो तर तिची. शेवटी त्याने बायकोला सांगितलं. ती या पेचातून सोडवेल, असं त्याला वाटलं होतं. तिथे तुम्हाला कुणी पाहिलेलं नाही, एवढंच ती म्हणाली आणि तिने दाराला कडी घातली.

रविवारी काझीने, म्हणजे त्यांच्याच जमातीतल्या न्यायनिवाडा करणाऱ्याने, आळीच्या तोंडाशी सगळ्यांना बसवलं. बैलासोबत धनी होता का, असं त्याने विचारलं. लेवाबाई सरळ बाई, तिने नाही म्हणून सांगितलं. मग इसाजीकडे वळून तिने विचारलं, "घाणा कधी नेताय?"

 तो उठला.

"काझीसाहेब, ती आत होती. बैल मी फिरवत होतो. साप डसला तेव्हा माझा हात त्याच्या पाठीवर होता."

लोक कुजबुजले. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. काझीने लेवाबाईला मोकळं केलं, इसाजीला मात्र कुणी मोकळं केलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन घाणा ओढत राहिला आणि आळीत त्याच्याबद्दल नको ते बोललं जाई. काझीला ते बघवेना. त्याने हा ओटा बांधून घेतला आणि ठरवून दिलं, की यापुढे देणाऱ्याने चोरून नाही, चारचौघांत सोबत जावं आणि काम उरकेपर्यंत इथे बसावं.

तेल्यांची बहुतेक घरं आता इस्राएलला गेली. ओटा गावातल्या आगऱ्यांनी राखला. आजही वेळशेतात शिडी हवी असो की नांगर, मागणारा दारात उभा राहून "देता का" असं विचारत नाही.

तो विचारतो, "येता का?"