हिरडीटोल्याची बसणी

हिरडीटोल्याला आलेल्या पाहुण्याला गावकरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतात. डोंगराकडून शीळ ऐकू आली, की हातातलं काय असेल ते खाली ठेवायचं आणि असाल तिथे बसायचं. शेतात असाल तर बांधावर, वाटेत असाल तर वाटेवर. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीसुद्धा सुटत नाहीत. ही शीळ रानकुत्र्यांची असते. हरणामागे लागलेला कळप पांगला, की कुत्री एकमेकांना अशी शीळ घालतात. गावात या बसण्याला 'बसणी' म्हणतात. कवडूबाबा पंधरे पाहुण्यांना झऱ्यावर आणतात, काठच्या काळ्या दगडाला हात लावतात आणि सांगायला लागतात. कोणी मोबाइल उंच धरला, तर म्हणतात, "तो बी खाली ठेवाचा असते जी. हातातलं म्हटलं म्हणजे सारंच आलं."

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा इथे गाव नव्हतं. दोन वर्षं पावसाने हुलकावणी दिली होती आणि सात घरांची माणसं पाण्याच्या शोधात गुरंढोरं घेऊन डोंगराच्या या अंगाला आली होती. त्यांत बिरजाबाई होती. नवरा वाटेतच तापाने गेलेला, पदरी चार वर्षांची रमली. एका दुपारी सगळे सावलीला टेकले असताना रमली उठून कुठेशी गेली आणि हरवली. दोन दिवस लोकांनी रान पालथं घातलं. तिसऱ्या सकाळी बिरजाबाईला धुळीत हरणाच्या खुरांचे ठसे दिसले आणि त्यांच्या कडेकडेने लहानशी पावलं. ती त्या मागावर धावत सुटली. माग या दगडापाशी संपला. दगडाच्या पायथ्याशी पाणी झुळझुळत होतं, रमली दगडाला टेकून झोपली होती आणि तिचे ओठ ओले होते. पलीकडे एक हरणी उभी होती. बिरजाबाईने लेकरू उचलेपर्यंत ती जागची हलली नाही, असं सांगतात.

लेक मिळाली आणि पाणीही मिळालं. बिरजाबाईने दगडावर डोकं टेकलं आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली. या रानात हरणाच्या अंगाला कोणाचा हात लागू देणार नाही, कोणाचा दात लागू देणार नाही. हात तिचे होते, गावाचे होते. दातांचं काय, हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नाही. उपकाराने भरून आलेलं माणूस मोजून मापून बोलत नाही.

सात घरं झऱ्याकाठीच वसली. गावाने शपथ पाळली, आणि अशी पाळली की विचारू नका. तिरकमठे आढ्याला गेले, जाळी उंदरांनी खाल्ली. वाघ तर माणसांच्या गलक्याला कंटाळून आधीच पलीकडच्या रानात निघून गेला होता. उरली रानकुत्री. त्यांची शीळ आली, की गाव हातातलं काम टाकून काठ्या घेऊन धावायचं, डबे बडवायचं, कुत्र्यांच्या तोंडचं हरीण सोडवून आणायचं. थंडीत कुत्र्यांना पिल्लं होतात. तेव्हा बिरजाबाई स्वतः पेटत्या गवताचा पेंढा घेऊन पुढे चालायची आणि त्यांच्या बिळांना धुरी द्यायची. पाच-सहा वर्षांत कळप मोडला. शीळ बंद झाली. आता हरणीचं ऋण फिटलं, असं तिला वाटलं.

हरणं वाढली. अंगणात येऊ लागली, रमलीच्या हातून मोहफुलं खाऊ लागली. त्यांत फाटक्या कानाची एक होती. ती त्या पहिल्या हरणीच्या वंशातली, असं गाव मानायचं. रमलीचा तिच्यावर फार जीव. लेकीने हाक मारली की हरणी येते हे बघून बिरजाबाईचे डोळे भरायचे.

पण रमली लग्नाची झाली तोवर रान बदललं होतं. बांबूचा कोंब जमिनीतून वर आला, की दुसऱ्या दिवशी खुडलेला. मोहाचं, तेंदूचं, आवळ्याचं एकही रोप गुडघ्याएवढं होईना. झाडं होती ती सगळी म्हातारी, आणि मागच्या पायांवर उभं राहून हरणाचं तोंड पोचेल तिथवर पाला असा साफ, जणू कोणी कात्रीने कापला आहे. गवतात अंडी घालणारे तितर गेले, फुलं नाहीत म्हणून मधमाश्या गेल्या. उघड्या पडलेल्या उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून झऱ्यात येऊ लागली. बिरजाबाई पूर्वी दोन ओव्या म्हणेपर्यंत पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घडा, भरायचा. आता सगळ्या ओव्या संपल्या तरी तो अर्धाच. हरणंही सुखात नव्हती. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि उन्हाळ्यात पाडसं पटापट मरत होती. गाव उठवावं लागेल, अशी कुजबुज सुरू झाली. बिरजाबाईचं मन धास्तावलं. शपथेत आपलंच काही कमी पडलं असणार, असं तिने धरलं.

त्या थंडीत कोणीतरी सांगितलं, की डोंगराच्या मागल्या खडकांत रानकुत्र्यांची एक जोडी दिसली, आणि पिल्लं आहेत. बिरजाबाईला वाटलं, हेच ते. इथेच आपली शपथ गळते आहे. पेंढा आणि विस्तव घेऊन ती सकाळीच निघाली.

खडकांजवळ पोचली, पेंढा पेटवला आणि पुढे होताच तिचे पाय थांबले. इथे बांबू उभा होता. नवे कोंब पुरुषभर वाढलेले, एकाचंही टोक खुडलेलं नाही. मोहाची रोपं कमरेएवढी. गवतात तितर ओरडत होता. तिने वाकून पाचोळा बाजूला केला तर खालची माती ओली. कुत्र्यांच्या भीतीने हरणं इकडे थांबतच नव्हती. आली तरी दोन घास घेऊन पुढे पळत होती. आख्ख्या डोंगरात जिवंत राहिलेला एवढाच तुकडा, आणि तो तिने ज्यांना हाकललं त्यांच्या दाराशी.

बिळाच्या तोंडाशी कुत्री उभी होती. तांबूस अंग, काळं शेपूट. ती गुरगुरली नाही, नुसती बघत राहिली. पेंढा बिरजाबाईच्या बोटांपर्यंत जळत आला होता. तिने तो मातीत दाबून विझवला आणि तिथेच बसली. म्हणे पुष्कळ वेळ ती तशीच बसून होती. हरणीने आपल्याला पाणी दाखवलं. ते पाणी इतकी वर्षं राखलं कोणी, हे आपण विचारलंच नाही, असं तिला राहून राहून वाटलं आणि फार लाज वाटली.

झऱ्यावर येऊन तिने गाव गोळा केलं. दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हाताची शपथ माही होती, ते मी मरेपर्यंत पाळीन. दाताची शपथ म्या दुसऱ्याच्या तोंडची घेतली. ते मी परत देतो."

लोक बिथरले. "शपथ मोडली तं झरा रागावंल," एक म्हातारा म्हणाला.

"झरा आपल्याले सोडून चाललाच आहे बापा," बिरजाबाई म्हणाली. "आता रागावून तो आणखी कुठं जाईन?"

त्या वर्षी पिल्लं जगली. पुढच्या वर्षी आणखी झाली. आणि एका सकाळी कितीतरी वर्षांनी डोंगरावरून शीळ आली. मग दुसरी, मग चहूकडून. झऱ्याच्या वरच्या उतारावर कळपाने एक हरणी बाजूला काढली होती. फाटक्या कानाची.

सवय कुठे जाते? साऱ्या गावाने काठ्या उचलल्या. सगळ्यांत पुढे रमली होती. बिरजाबाई वाटेवर आडवी आली, हातातला गुंड खाली ठेवला आणि दगडापाशी वाटेतच बसली.

"माय, ते आपली हाय!" रमली ओरडली. "तिच्याच आजी-पणजीमुळं मले पानी भेटलं!"

"हो बाई, तिच्यामुळंच," बिरजाबाई म्हणाली. "म्हणूनच म्हणतो, बस. काठी खाली ठेव."

आईच्या डोक्यावरून उडी टाकून रमलीला जाता आलं असतं. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. रमलीने काठी खाली ठेवली आणि तिला टेकून बसली. मग एकेक करत सगळं गाव बसलं. उतारावर जे व्हायचं ते झालं. कोणी तिकडे पाहिलं नाही. शीळ थांबली तरी बिरजाबाई उठेना, म्हणून कोणीच उठलं नाही. बऱ्याच वेळाने ती उठली, झऱ्यातून ओंजळ भरून दगडावर सोडली आणि हरणीला म्हणाली, "माय, तुहे उपकार." दुसरी ओंजळ सोडली आणि डोंगराकडे बघून म्हणाली, "बापाहो, तुमचेही उपकार."

झरा रागावला नाही. हरणं कमी झाली, पण जी राहिली ती धट्टीकट्टी राहिली. एका जागी चरत बसायची त्यांची सोय गेली होती. उतारावर बांबू उभा झाला, मोहाची रोपं माणसाच्या वर गेली, मधमाश्या परतल्या. बिरजाबाई म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली, तेव्हा रमलीने तिला झऱ्याचं पाणी आणून दिलं. "किती ओव्या लागल्या?" तिने विचारलं. "एक पुरी नाही झाली माय," रमली म्हणाली. बिरजाबाई समाधानाने हसली. त्याच पाण्याचा घोट घेऊन ती गेली, असं सांगतात.

आजही हिरडीटोल्यात हरणाला कोणी हात लावत नाही, आणि शीळ आली की कोणी उभं राहत नाही. रानकुत्र्यांनी मारलेल्या जनावराला गावातलं माणूस शिवत नाही. बाहेरचा कोणी शिवायला निघाला, तर त्याला आधी बसवतात. शीळ थांबल्यावरही लगेच उठायचं नसतं. गावातली सगळ्यांत वयस्क बाई उठून दगडावर पाण्याच्या दोन ओंजळी सोडते, तोवर सगळे बसून राहतात. कधी ती चटकन उठते, कधी बराच वेळ लावते. पाहुणे चुळबुळतात, कोणी हळूच विचारतं, एवढा वेळ कशाला? कवडूबाबा तोंडावर बोट ठेवतात.

"रडू द्या जी तिले," ते म्हणतात. "मंग पानी देईनच ते."