म्हाळाप्पा आणि गढूळ बाटली

डाळिंबाच्या मुलखातल्या एका गावात म्हाळाप्पा नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. सगळी पंचाईत तीच होती.

गावच्या शेतकी कॉलेजात नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र निघालं. जागा, यंत्रं, वीज सगळं केंद्राचं. कंपनीने फक्त वाढायचं. लोक त्याला उबवणी केंद्र म्हणत. म्हाळाप्पा तिथे नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवशी कोंबड्या शोधत फिरला.

तिथे ऋजुता मॅडमची एकटीची कंपनी होती. डाळिंबाच्या रोगावर औषध म्हणून मॅडम बाटलीत जिवाणू वाढवत. शुक्रवारी पैसे घालणारे पाहुणे बघायला येणार होते. त्यांना पटलं तर कंपनी जगणार, नाहीतर मॅडमनी गाशा गुंडाळायचा.

म्हाळाप्पाने ती गढूळ बाटली पाहिली आणि घासून लख्ख केली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो, गढूळ झालं म्हणजे जिवाणू वाढले. गढूळ दिसलं की उबेच्या कपाटात ठेवायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी नळाला गढूळ पाणी आलं. म्हाळाप्पाने केंद्राच्या सगळ्या घागरी उबेच्या कपाटात कोंबल्या.

"अहो, गढूळ पाणी उकळायचं असतं."

"मग तसं सांगायचं की."

मॅडमनी नवी बाटली तयार केली. ती गढूळ झाली. म्हाळाप्पाने ती शेगडीवर चढवून खळखळ उकळली. या वेळी मॅडमना रडूच आलं. त्यांनी पुण्याहून पुन्हा जिवाणू मागवले.

"आता नीट ऐका. बाहेरून जिवंत काही आलं की तडक थंड खोलीत ठेवायचं. वर नाव आणि तारीख चिकटवायची. दार सारखं उघडायचं नाही."

"न्हाई उघडत."

शुक्रवार उजाडला तरी पार्सल आलं नाही, म्हणून मॅडम स्वतःच स्टँडवर गेल्या. खोकं घेऊन धापा टाकत परतल्या, तर दारात मोटार उभी.

"पाहुणे आले?"

"आले की. दोघंबी जित्ते हायती. नीट बघून घेतलं."

"कुठे बसवलंत?"

"थंड खोलीत. त्यास्नी वाटलं, एसी हाय. कपाळावर नाव चिकटवलंय, तारीखबी घातलीया."

आतून धाडधाड आवाज येत होता.

"म्हाळाप्पा, दार वाजतंय."

"वाजू द्या मॅडम. वाजतंय तवर माल चांगला हाय."