डाव्या पाळण्यातली मुलगी

एका राज्यात भद्रायु नावाचा राजा होता. त्याच्या राणीला जुळ्या मुली झाल्या आणि तिसऱ्या प्रहरी राणीने प्राण सोडला. राजाने मांत्रिकाला बोलावले.

“माझ्या लेकींना असे दुःख कधी होऊ नये, असे काही कर.”

“दुःख नाहीसे करता येत नाही, महाराज,” मांत्रिक म्हणाला. “दुसरीकडे ठेवता येते. एकीचे सारे दुसरीने सोसायचे. कोणी सोसायचे, ते आपण सांगा.”

राजा दोन्ही पाळण्यांकडे पाहत राहिला. मग त्याने डावीकडे बोट केले आणि तोंड फिरवले. मांत्रिकाने रेशमी धाग्याला गाठ मारली. डाव्या पाळण्यातली मुलगी कोंडाई नावाच्या सुईणीच्या पदरात घालून सीमेवरच्या खेड्यात धाडली गेली. उजव्या पाळण्यातली मंदारवती राजवाड्यात वाढली.

ती घोड्यावरून पडली, हसत उठली. तिला देवी आल्या, अंगावर एक वण राहिला नाही. तिचे लाडके हरीण मेले, तिने दुसरे मागितले. लोक म्हणत, राजकन्या मोठी भाग्याची.

चोवीस वर्षांनी राजा मरणाला टेकला. त्याने मंदारवतीला जवळ बसवून सारे सांगितले आणि डोळे मिटले. सारे नगर रडले. मंदारवतीचे डोळे कोरडे. ती प्रधानाला म्हणाली, “मला वाईट वाटत नाही. वाटायला हवे, एवढे मात्र कळते. ती गाठ कुठे आहे?”

“मांत्रिक केव्हाच मेला, राजकन्ये. काळ्या डोंगरावर उंबराच्या ढोलीत एक धनेश पक्षी राहतो. गाठ तो राखतो.”

मंदारवती एकटी निघाली. सातव्या दिवशी उंबराखाली पोहोचली. धनेशाने आपली जड चोच बाहेर काढली.

“तीन कामे आहेत. या निवडुंगाच्या रानातून अनवाणी जा आणि पलीकडच्या झऱ्याचे पाणी मला आणून पाज.”

ती गेली, पाणी घेऊन आली.

“त्या खाईत निखारे आहेत. निखाऱ्यांत लोखंडी पेटी आहे. हातांनी काढ.”

तिने पेटी काढली, उघडली. आत गाठ मारलेला धागा होता.

“तिसरे काम, गाठ सोडणे. पण राजकन्ये, तुझ्या पायांत काटा कसा नाही?”

मंदारवतीने पाय पाहिले. मग तळहात पाहिले. कुठे ओरखडा नव्हता, कुठे फोड नव्हता.

“हे तू आधी का नाही सांगितलेस?”

“विचारले असतेस तर सांगितले असते. आता ऐक. गाठ सोडशील त्या क्षणी तुझ्या बहिणीची सारी वेदना तुझ्याकडे येईल. तू पाऊलभरही चालू शकणार नाहीस. आणि तिचा मोडलेला देह काही सांधला जाणार नाही.”

“मग आधी तिला भेटते,” मंदारवती म्हणाली. धागा मुठीत धरून ती डोंगर उतरली. वाटेत खडा दिसला की वळसा घाली, काटा दिसला की थांबे. जन्मात पहिल्यांदा ती पाय जपून टाकीत होती.

सीमेवरच्या खेड्यात कोंडाईचे झोपडे सापडले. आत घोंगडीवर एक बाई निजली होती. चेहरा मंदारवतीचाच, पण देवीच्या वणांनी भरलेला. केस पांढरे. पाय सुजलेले, तळहात काळे.

“पायांतून रक्ताच्या धारा लागल्या,” कोंडाई म्हणाली. “मग हात भाजले. चूलसुद्धा पेटलेली नव्हती घरात.” आणि तिने दारातल्या पाहुणीचा चेहरा पाहिला, तशी बाजूला सरून तिने वाट दिली.

निजलेल्या बाईने डोळे उघडले. “मी साळू. कोंडाईने सांगितले आहे मला सारे. तू घोड्यावरून पडलीस ना लहानपणी? हात मोडला होता माझा.” तिने मंदारवतीकडे मान वळवली. “आणि मागल्या पंधरवड्यात मी तीन दिवस रडले. कोण गेले ग?”

“आपले वडील.”

“असे होय,” साळू म्हणाली. “वाटलेच मला, कोणी जवळचे असणार.”

मंदारवतीने धागा काढला. साळूने काळा हात पुढे केला. “नको सोडूस. मला सवय आहे. तुला नाही झेपायचे.”

“तुझे नव्हतेच ते, साळू.”

तिने गाठ सोडली. मोडला हात आला, देवीचा ताप आला, काटे आले, निखारे आले. मग हरीण आले. सगळ्यांत शेवटी वडील आले. तिच्या किंकाळीने गावाबाहेरची गुरे उधळली.

ती शुद्धीवर आली तेव्हा साळू तिच्याकडे पाहत होती. “किती हलके वाटते,” साळू म्हणाली. “भूक लागली, कोंडाई.” तिने दूधभाकरी खाल्ली. त्यानंतर ती तीन दिवस जगली. दोघी एका घोंगडीवर निजत, आणि साळू विचारी तेव्हा मंदारवती तिला राजवाड्यातल्या खोल्या एकेक करून सांगे. चौथ्या दिवशी सकाळी बोलता बोलता साळूचा हात सैल पडला.

तिला अग्नी देऊन कोंडाईच्या आधाराने परत आल्यावर मंदारवती अंगणात बसली. अश्रू गालांवरून, हनुवटीवरून ओघळत होते. ते पुसायचे असतात, हेही तिला ठाऊक नव्हते. प्रधान पालखी आणि राजमुकुट घेऊन कुंपणाबाहेर उभा होता. आत यायचे धैर्य त्याला होईना.

“कोंडाई, हे कधी थांबते?”

म्हातारीने आपल्या पदराने तिचे तोंड पुसले.

“थांबत नाही, बाळे. पण सांजेला भूक लागते. ऊठ, दोन घास खा. मग जा, राज्य कर.”