तारखेचा कोट

एकदा एका तालुक्याच्या गावी, एका वृद्ध वकिलांकडे एक तरुण शिष्या काम शिकायला आली. वकिलीची सनद नवी होती आणि लग्नही नवे होते. सासरचे गाव अजून पायाखालचे झाले नव्हते. घरून कोर्ट आणि कोर्टातून घर एवढीच वाट तिला ठाऊक होती.

वृद्ध वकिलांची एक सवय गावात प्रसिद्ध होती. पक्षकार आला, की ते आधी चहा मागवत आणि कायदा नंतर सांगत. चहा संपेपर्यंत निम्मे लोक दावा न करताच घरी परतत, म्हणून बाररूममधली वकील मंडळी त्यांना हसत. शिष्येलाही ते मनातून फारसे पटत नसे. तिला दावा करायचा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत स्वतःचा, एक तरी.

तशी संधी चालून आली, पण ती दुःखाच्या दारातून. वृद्ध वकिलांच्या पत्नी आजारी पडल्या आणि उपचारासाठी त्यांना दूरच्या शहरात लेकीकडे न्यावे लागले. निघताना ऑफिसच्या किल्ल्या शिष्येच्या हाती देत ते म्हणाले, "अडलं तर फोन कर. नाही अडलं तरी कर."

पुढच्याच आठवड्यात भानुदास इस्त्रीवाला आला. त्याचे दुकान कोर्टाच्या भिंतीला लागूनच होते आणि गावातल्या बहुतेक काळ्या कोटांवर त्याचा हात फिरलेला असे. शिष्येचा कोट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने आणला होता. सोबत त्याची मुलगी होती, दुर्वा. वय वर्षे आठ, दुसरी पास. बाप बोलायला शब्द शोधत होता, तोवर मुलगी कोटावरचा कागद मोठ्याने वाचू लागली.

"धरणात बेचाळीस टक्के पाणीसाठा. शेतकऱ्यांमध्ये... बाबा, खालचं फाटलंय. पुढं काय झालं?"

"गप गं. ताईंना काम असतं." भानुदास ओशाळला. "काय करायचं ताई, गुंडाळायला कागद घेतला की आधी हिला वाचायला द्यावा लागतो."

मग त्याने हकिगत सांगितली. शाळेत बाईंनी दुर्वाच्या हातावर पट्टी मारली होती. दोन बोटे सुजली. भानुदासने लेखी तक्रार दिली. तेव्हापासून शाळेत मुलीकडे कुणी धड बघेना, म्हणून त्याने तिचे नाव काढायचे ठरवले. तर मुख्याध्यापक म्हणाले, आधी तक्रार मागे घे, मग शाळा सोडल्याचा दाखला मिळेल.

"आणि नगरपालिकेची शाळा?" शिष्येने विचारले.

"गेलो होतो की. तिथला कारकून म्हणतो, दाखला आणा, नाव घेतो. इकडं दाखला देईनात, तिकडं नाव घेईनात. पोरीनं काय करायचं?"

शिष्येचे रक्त तापले. मुलांना मारायला कायद्याने बंदी, दाखला अडवायला बंदी. शिक्षण हा तर मुलांचा हक्कच. एवढा स्वच्छ दावा पहिल्याच वर्षी मिळायला भाग्य लागते. तिने तीन दिवस बसून तेवीस परिच्छेदांचा दावा लिहिला. मुलगी लहान, म्हणून तिच्या वतीने बाप वादी. शाळा चालवणारी संस्था प्रतिवादी. कलम आणि कलम जागच्या जागी. नववा परिच्छेद तर तिला इतका आवडला, की तो तिने नवऱ्यालाही वाचून दाखवला. तो म्हणाला, "फार छान. काही कळलं नाही."

दावा दाखल झाला. सोबत अर्ज होता, की निकाल लागेपर्यंत तूर्त दाखला द्यावा. न्यायाधीशांचे म्हणणे पडले, की शेवटी जे मागायचे तेच आधी देऊन टाकले, तर दाव्यात ठरवायला उरते काय? अर्ज नामंजूर. मग समन्स निघाले. संस्थेचे अध्यक्ष तीनदा बाहेरगावी गेले. चौथ्यांदा समन्स घेऊन गेलेल्या बेलीफाला ते दाढी करताना सापडले. उत्तरादाखल कैफियत द्यायला तीस दिवस असतात. त्यांचे नव्वद झाले आणि वर उशीर माफ करावा म्हणून अर्ज आला. मग न्यायालयाने वादाचे मुद्दे काढले. मग शपथपत्र, मग उलटतपास. भानुदासला विचारण्यात आले, पट्टी लाकडाची होती की प्लॅस्टिकची? त्याला सांगता येईना. पट्टीपायी दोन तारखा गेल्या.

शिष्या खचली नाही. प्रत्येक तारखेला तिची तयारी चोख असे. त्या दिवशी सकाळी सव्वादहाला तिच्या दारात इस्त्रीचा कोट हजर होई आणि सासूबाई आतून पुकारत, "सूनबाई, तुझी कोटवाली आली गं! किती वेळची उभी आहे पोर."

कोटवाली म्हणजे दुर्वा. पहिल्या पहिल्यांदा कोट वर्तमानपत्रात येई. पुढे दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि कागद बंद झाला. पहिल्या पावसाळ्यात ती एकच कोट आणी. दुसऱ्या पावसाळ्यात खांद्यावर पाच-सहा कोट असत आणि मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग.

एकदा सासूबाईंनी तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवत विचारले, "आज शाळा नाही का गं?"

"माझी केस चालू आहे ना आजी," दुर्वा मोठ्या माणसासारखी म्हणाली. "निकाल लागला की जायचं."

आत केस विंचरत असलेल्या शिष्येने ते ऐकले आणि तिला अभिमान वाटला. पक्षकाराला इतका विश्वास! तिने कोट अंगात घातला. अजून ऊब होती त्याला. दहा मिनिटांत ती कोर्टात उभी राहिली आणि या मुलीचे शिक्षण कसे थांबले आहे यावर उत्तम बोलली.

वृद्ध वकिलांना ती मधूनमधून फोन करी. "दावा छान चाललाय, सर." तिकडून थकलेला आवाज येई, "छान." मागे दवाखान्यातल्या भोंग्यावर कुणाची तरी नावे पुकारलेली ऐकू येत.

युक्तिवाद झाला. निकालाआधी न्यायाधीशांची बदली झाली. नव्या न्यायाधीशांपुढे पुन्हा युक्तिवाद झाला. आणि दोन वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना हुकूमनामा झाला: प्रतिवादीने पंधरा दिवसांत शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. तेवीसच्या तेवीस परिच्छेद न्यायालयाने मान्य केले होते.

त्याच आठवड्यात वृद्ध वकील परतले. एकटेच परतले. कपाळी नेहमीचे गंध न लावता, पांढऱ्या सदऱ्यात ते आपल्या जुन्या खुर्चीत बसले, तेव्हा शिष्येला पेढ्यांचा पुडा पर्समधून बाहेर काढवेना. तिने फक्त फाईल पुढे ठेवली.

त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. बराच वेळ लागला. मग म्हणाले, "माझ्या चाळीस वर्षांत इतका सुबक दावा मी लिहिला नाही."

शिष्येचे डोळे भरून आले.

"मुलगी कोणत्या शाळेत आहे?"

"आता जाईल, सर. दाखला आला की."

वृद्ध वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तिला बोलाव. बापालाही."

भिंतीपलीकडून दोघे लगेच आले. दुर्वाचे हात कोळशाने काळे होते. ते तिने फ्रॉकमागे धरले. वृद्ध वकिलांनी चहा मागवला. सगळ्यांचा चहा झाला. मग त्यांनी फाईल उघडली. हुकूमनामा बाजूला ठेवला, दाव्याचे चौथे पान काढले आणि नवव्या परिच्छेदावर बोट ठेवून ते मुलीपुढे सरकवले.

"वाच बाळा. तुझंच आहे हे."

शिष्या गोंधळली. जिंकलेला हुकूमनामा सोडून जुना दावा कशाला? आणि तोही त्या पोरीने?

दुर्वाने बापाकडे पाहिले. मग एक काळे बोट अक्षराखाली आले.

"शा... शाळा. सो... सोड... सोडल्याचा." ती थांबली. "दा. ख. दाखला."

"साहेब, आधी फाडफाड वाचायची," भानुदास घाईघाईने म्हणाला. "कागद हातात ठरू द्यायची नाही."

"वाचू दे. आपल्याला वेळ आहे," वृद्ध वकील म्हणाले. "दोन वर्षं वेळ होताच की."

बोट पुढे सरकले. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता.

"सादर... करण्यास... वि-लंब... झाला, या... कार-णावरून... दुसऱ्या... शाळेला... बालकाचा... प्र-वेश... लांब-वता... अथवा... ना... नाका..."

"नाकारता," वृद्ध वकील हळूच म्हणाले.

"नाकारता... येणार... नाही."

तिने बोट उचलले. कागदावर काळा ठसा राहिला होता.

ते वाक्य शिष्येने स्वतः लिहिले होते. टंकलेखकाकडून दोनदा दुरुस्त करून घेतले होते, दोन न्यायाधीशांपुढे घडघडा म्हटले होते. इतक्या सावकाश मात्र ते तिने कधी ऐकले नव्हते. दाखला नसला तरी नगरपालिकेच्या शाळेला दुर्वाला घ्यावेच लागणार होते. दावा करण्यापूर्वी. भानुदास आला त्याच दिवशी.

तिने खाली पाहिले. अंगावर दुर्वाने इस्त्री केलेला कोट होता.

"चला," वृद्ध वकील उठले. "हात धुऊन ये गं पोरी."

नगरपालिकेची शाळा कोर्टापासून पाच मिनिटांवर होती. शिष्येने ती आजवर पाहिलीही नव्हती. वृद्ध वकिलांनी मुख्याध्यापिकेपुढे नववा परिच्छेद ठेवला, तर त्या वाचण्याआधीच म्हणाल्या, "अहो, हे मला माहीत आहे. मूल दारात आलं की घ्यायचंच असतं. दाखला मागून येतो. तेव्हा कारकुनानं खिडकीतूनच परतवलं असेल. माझ्यापर्यंत कुणी आलंच नाही." त्यांनी रजिस्टर ओढले. वयाप्रमाणे पाचवीत नाव घातले. मागे पडलेला अभ्यास शाळेने भरून काढायचा, तोही नियम आहे, असे म्हणाल्या. सगळे दहा मिनिटांत आटोपले.

वर्गाच्या दारात दुर्वा वळली. "बाबा, गांधी वकिलांचे कोट अकराला द्यायचेत."

"मी देतो गं. तू जा."

ती गेली. शेवटच्या बाकावर बसली. बाईंनी पुस्तक उघडून समोर ठेवले आणि तिने मान इतकी खाली घातली, की खिडकीतून फक्त भांग दिसत होता.

परतताना भानुदास कोट द्यायला पुढे निघून गेला. मग शिष्येने विचारले, "सर, मी दावा करायलाच नको होता का?"

"करायलाच हवा होता. पोरीला मारलं, वर तिचा दाखला अडवला. अशांना न्यायालयापुढे उभं करायलाच हवं. पण आधी शनिवारी पोरीला वर्गात बसवायचं आणि सोमवारी दावा लावायचा. मग लागू देत दोन वर्षं, नाहीतर दहा." ते कडुनिंबाच्या सावलीत थांबले. "दावा सावकाशच चालतो. समोरच्याला बोलू द्यायचं, पुरावा तपासायचा, त्याला वेळ लागणारच. तो न्यायाचा दोष नव्हे. न्यायालयाला तारीख पुढे ढकलता येते. आठव्या वर्षाला ती सोय नाही. ते आलं आणि गेलं."

शिष्येला हुंदका आवरेना.

"एकटीनं रडू नकोस. वकीलपत्रावर नाव माझंही आहे. तू फोनवर सांगायचीस, दावा छान चाललाय, आणि मी छान म्हणायचो. मुलगी कुठं आहे, हे मी एकदाही विचारलं नाही." काही वेळाने ते पुन्हा बोलले, जरा दुसरीकडे बघत. "तिकडे डॉक्टर म्हणायचे, पुढच्या मंगळवारी बघू. आम्ही मंगळवार मोजत राहिलो. तिला एकदा आपल्या अंगणात बसायचं होतं, एवढंच होतं तिचं मागणं. म्हटलं, बरी झालीस की जाऊ."

त्यानंतर दुसऱ्या एका दाव्याच्या तारखेला शिष्येच्या दारात कोट आला नाही. सासूबाई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. "आज नाही आली गं तुझी कोटवाली."

"शाळेत गेलीय, आई," शिष्या म्हणाली आणि खुंटीवरचा चुरगळलेला कोट तिने तसाच अंगात घातला.

बाररूमच्या पायरीवर एका ज्येष्ठ वकिलांनी तिला अडवले. "काय हे? इस्त्रीवाल्याचा दावा जिंकलात, आणि कोटाची ही दशा?"

ती पायऱ्या चढू लागली. आज तिच्याकडे एक नवा पक्षकार येणार होता, मुलाच्या शाळेचेच प्रकरण घेऊन. त्याला आधी चहा द्यायचा, आणि मूल आज, या घटकेला, कुठे आहे हे विचारायचे, एवढे तिने ठरवले होते.

तेवढ्यात झाडांपलीकडून घंटा वाजली. नगरपालिकेच्या शाळेची घंटा कोर्टाच्या आवारात इतकी स्पष्ट ऐकू येते, हे तिला दोन वर्षांनी कळत होते.